विधानसभेचा अर्ज: दुपारी तीनच्या आत

अर्ज भरायला कायद्याने सात दिवस दिले आहेत. ऐकायला भरपूर वाटतात. आता २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेचे वेळापत्रक समोर ठेवा. अधिसूचना निघाली मंगळवारी, २२ ऑक्टोबरला. शेवटची तारीख २९ ऑक्टोबर. मधला २६ चा चौथा शनिवार आणि २७ चा रविवार वजा केला की उरले सहा दिवस. अर्ज घेतात सकाळी अकरा ते दुपारी तीन. म्हणजे हातात मोजून चोवीस तास. त्यातही २४ तारखेला गुरुपुष्यामृत आले, त्यामुळे त्या गुरुवारी निम्म्या महाराष्ट्राला एकच मुहूर्त सापडला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दारात ढोलताशांची रांग लागली.

पुढची विधानसभा २०२९ ला. इच्छुकांची तयारी म्हणजे बॅनर, वाढदिवस, तिकिटासाठी मुंबईच्या फेऱ्या. अर्ज वकील बघून घेईल, असे सगळे धरून चालतात. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराकडे त्यासाठी वेगळी माणसे असतात. अपक्ष आणि लहान पक्षांच्या उमेदवारांचे घोडे मात्र इथेच अडते. गंमत अशी की लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ किरकोळ चुकांबाबत बराच उदार आहे. नावातली वेलांटी चुकली, यादीतला क्रमांक इकडचा तिकडे झाला, तर तेवढ्यावरून अर्ज बाद करू नये असे कलम ३३(४) आणि ३६(४) सांगतात. पण पाच-सहा जागा अशा आहेत की तिथे कायदा तसूभरही वाकत नाही. हा लेख त्या जागांबद्दल आहे.

आधी एक गैरसमज. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका लढवून आलेला माणूस तिथलीच फाइल घेऊन विधानसभेला येतो: अपत्यांचे घोषणापत्र, शौचालयाचा दाखला, घरपट्टी भरल्याची पावती. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, नियम राज्याच्या कायद्यांतून येतात. विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, आणि नियम केंद्राच्या कायद्याचे. दोन अपत्यांची अट विधानसभेला नाही. तिकडे एकविसाव्या वर्षी लढता येते; इकडे छाननीच्या तारखेला वय पंचवीस पूर्ण हवे. जुनी फाइल घरी ठेवा आणि नवी करा.

मतदार कुठचे आहात?

विधानसभेच्या उमेदवाराचे नाव त्या राज्यातल्या कुठल्याही एका विधानसभा मतदारसंघाच्या यादीत असले की पुरते. कोथरूडचा मतदार परभणीत उभा राहू शकतो. राज्याची हद्द मात्र ओलांडता येत नाही. लोकसभेला देशातल्या कुठल्याही मतदारसंघातला मतदार चालतो, म्हणून हा फरक अनेकांच्या लक्षात राहत नाही. सीमाभागात तो नेमका बोचतो. चंदगडच्या यादीत नाव असलेल्याला बेळगाव ग्रामीण किंवा खानापुरात अर्ज भरता येत नाही. त्यासाठी कर्नाटकातल्या यादीत नाव हवे. सावंतवाडीचा मतदार पेडण्यात उभा राहायचे म्हणेल तर तेच.

तुम्ही दुसऱ्या मतदारसंघातले मतदार असाल, तर तुमच्या नोंदीची प्रमाणित प्रत लागते: संपूर्ण यादी, तिचा तो भाग किंवा तुमच्या नावाचा उतारा. ती अर्जासोबत द्या, नाही जमले तर छाननीच्या वेळी दाखवा. संकेतस्थळावरून काढलेली छापील प्रत म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. त्यावर तिकडच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याची सही-शिक्का हवा. छाननीत ही प्रत नसली की अर्ज पडतो, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दया दाखवायची म्हटली तरी त्याला ती दाखवता येत नाही. अर्ज ठाण्यात, नाव नांदेडच्या यादीत, आणि शनिवार-रविवार मध्ये आला, तर हा एक कागद चोवीस तासांतले आठ तास खातो. अधिसूचनेच्या आठवडाभर आधी यादी अंतिम झालेली असते, तेव्हाच अर्ज करून ठेवावा. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक प्रत्येक पुनरीक्षणात बदलतात, पुरवणी यादीतही नावे सरकतात. त्यामुळे मागच्या निवडणुकीच्या अर्जावरचे आकडे उतरवून काढू नका. अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नवीन नाव घालता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

सूचक

सूचक म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार. राष्ट्रीय पक्षाच्या किंवा त्या राज्यात मान्यता असलेल्या राज्य पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. बाकी सगळ्यांना, म्हणजे अपक्षांना आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांच्या उमेदवारांना, दहा. उमेदवार राज्यातला कुठलाही मतदार चालतो. सूचक मात्र त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. शहरांत फसगत इथे होते. पुण्यात किंवा मुंबईत एका रस्त्याच्या दोन बाजू दोन मतदारसंघांत असतात आणि शेजारच्या सोसायटीतला हक्काचा माणूस सूचक म्हणून कुचकामी ठरतो. दहातला एक जरी बाहेरचा निघाला तरी सूचक नऊ झाले, आणि नऊ सूचकांचा अर्ज म्हणजे अवैध अर्ज. सध्याचे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतले आहेत. पुढे सीमा बदलल्या तर सूचकांची यादी नव्याने तपासावी लागेल.

सही करणाऱ्या सूचकाने अधिकाऱ्यासमोर यायची गरज नाही. अंगठा लावणाऱ्याने मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच अंगठा उठवायचा. गावात बसून घेतलेले अंगठे धरत नाहीत. हा नियम ठाऊक नसलेले कार्यकर्ते वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मोठ्या मायेने गोळा करून आणतात, आणि छाननीत तेवढे सूचक गळतात. सही करता येणारेच सूचक घ्या.

तिसरा धोका सूचक फिरण्याचा. २०२४ च्या लोकसभेला सुरतमध्ये काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी 'सह्या आमच्या नाहीत' असे लिहून दिले. त्याचा अर्ज गेला, पर्यायी उमेदवाराचाही गेला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि मतदान न होताच जागा बिनविरोध झाली. कायदा तोच विधानसभेलाही लागू आहे. म्हणून सूचक सही करताना त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, सही ओळखपत्रावरच्या किंवा बँकेतल्या सहीशी जुळते का बघा, आणि शक्य असेल तर छाननीच्या दिवशी त्याला हाकेच्या अंतरावर ठेवा. छाननीच्या खोलीत उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती एवढ्यांनाच जाता येते.

यावर कायद्याने सोयही दिली आहे. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, आणि अनामत एकदाच भरायची असते. चारांपैकी एक वैध ठरला तरी तुम्ही रिंगणात. पण आपल्याकडे चार अर्ज म्हणजे एका अर्जाच्या चार झेरॉक्स, त्याच दहा सूचकांसकट. पहिल्यातली चूक चारही अर्जांत इमानेइतबारे उतरलेली असते. प्रत्येक संचाला वेगळे दहा सूचक घ्या, वेगळ्या वस्त्यांतले, आणि एक संच पहिल्या दोन दिवसांतच द्या. तो दिला की कार्यालय तुम्हाला तपासणी सूची देते. कोणती कागदपत्रे मिळाली, कोणती राहिली आणि ती कधीपर्यंत द्यायची, हे त्यावर लिहिलेले असते. ही सूची सगळ्या तयारीतला सर्वांत उपयोगी कागद, आणि तोही फुकट. शेवटच्या दिवशी पावणेतीनला आलेल्यालाही ती मिळते. फक्त तिचा उपयोग करायला त्याच्याकडे दिवस उरलेला नसतो.

नमुना २ब भरताना

विधानसभेच्या नामनिर्देशनपत्राचा नमुना २ब. भाग एक मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारासाठी, भाग दोन दहा सूचकांचा. जो लागू नाही तो खोडायचा. भाग तीनमध्ये उमेदवाराचे घोषणापत्र: वय, पक्ष, चिन्ह, राखीव जागा असेल तर जात. भाग तीन-अ मध्ये शिक्षा, लाभाचे पद, दिवाळखोरी, परकीय निष्ठा, भ्रष्टाचारावरून बडतर्फी, सरकारी कंत्राट असे प्रश्न येतात. हे प्रश्न घाईत 'नाही, नाही, नाही' असे भरत सुटू नका. कंत्राटाचा प्रश्न महाराष्ट्रात फार जणांना लागू होतो. राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा चालू करार असेल तर कलम ९अ नुसार अपात्रता येते. काम पूर्ण होऊन फक्त बिल अडकले असेल तर तो करार चालू धरत नाहीत. अशा वेळी काम पूर्ण झाल्याचा दाखला फाइलीत ठेवा, कारण विरोधकाने आक्षेपाची तयारी आधीच केलेली असते.

राखीव जागांवर (२८८ पैकी २९ अनुसूचित जातींसाठी, २५ अनुसूचित जमातींसाठी) जातीचा दाखला सक्षम अधिकाऱ्याचा हवा. त्यावर किती काही अवलंबून असते हे २०२४ च्या लोकसभेला रामटेकमध्ये दिसले. रश्मी बर्वे यांचे जातवैधता प्रमाणपत्र रद्द झाले आणि त्यांचा अर्ज बाद ठरला. पक्षाने पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज भरून ठेवला होता, तो चालला आणि ते निवडूनही आले.

या पर्यायी उमेदवाराला आपण 'डमी' म्हणतो आणि त्याचा अर्जही डमीसारखाच भरतो. तसे करू नये. मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरला की एकच सूचक असलेला डमीचा अर्ज आपोआप बाद होतो. दहा सूचक असतील तर तो अपक्ष म्हणून टिकतो आणि मग त्याला माघार घ्यायला लावावी लागते. यांतले काय हवे ते पक्षाने आधी ठरवावे. डमीचे स्वतःचे शपथपत्र, शपथ, अनामत हे सगळे मुख्य उमेदवाराइतकेच नीट हवे. मुख्य अर्ज पडला तर पक्षाचे चिन्ह त्याच्याच हातात जाणार असते.

नमुना २६, आणि 'निरंक'

शपथपत्र नमुना २६ मध्ये. नोटरी, शपथ आयुक्त किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर करायचे, प्रत्येक पानावर उमेदवाराची सही आणि नोटरीचा शिक्का. मुद्रांक कितीचा लागतो ते त्या वेळी निवडणूक कार्यालयातच विचारा. मागच्या वेळचा आकडा गृहीत धरू नका. हे शपथपत्रही शेवटच्या दिवशी तीनच्या आत दाखल झालेले हवे.

स्वतःचे, पती किंवा पत्नीचे, अविभक्त हिंदू कुटुंबाचे आणि अवलंबितांचे पॅन, पाच वर्षांचे आयकर विवरणातले उत्पन्न, जंगम-स्थावर मालमत्ता, परदेशातली मालमत्ता, कर्जे, सरकारी थकबाकी, उत्पन्नाचे स्रोत, समाजमाध्यमांवरची खाती, गुन्हे. रकाने खूप आहेत आणि प्रत्येक रकान्यात काहीतरी लिहिलेच पाहिजे. 'निरंक', 'लागू नाही', 'माहीत नाही' यांतले योग्य ते. नुसती आडवी रेघ किंवा कोरी जागा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रिसर्जन्स इंडिया प्रकरणात हे स्पष्ट केले. मतदाराला जाणून घेण्याचा हक्क आहे आणि कोरा रकाना तो हक्क मारतो. निवडणूक निर्णय अधिकारी कोऱ्या रकान्यांबद्दल सूचना देतो. मग छाननी सुरू होण्याआधी सगळे रकाने भरलेले नवे शपथपत्र द्यायचे. नाही दिले तर अर्ज बाद. उलट, भरलेली माहिती खोटी आहे असा आरोप कोणी केला तर तेवढ्यावरून छाननीत अर्ज बाद होत नाही. त्याची जागा कलम १२५अ खालच्या खटल्यात किंवा निवडणूक याचिकेत. लोकांना हे उफराटे वाटते. पण भरलेल्या माहितीच्या खरेखोटेपणाचा निवाडा एका दुपारच्या छाननीत होऊ शकत नाही, कोरी जागा मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसते.

गुन्ह्यांचा तक्ता सर्वांत कटकटीचा. गेल्या दहा वर्षांत जिल्हाधिकारी कार्यालयावर किती मोर्चे काढले, रास्ता रोको किती केले, ते कार्यकर्त्याला आठवत नाही; पोलीस ठाण्याच्या वहीत असते. जमावबंदी मोडल्याचे, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ आणि १३५ खालचे, जुन्या दंडसंहितेच्या १८८ खालचे गुन्हे नेत्याबरोबर पन्नास जणांवर एकदम नोंदले जातात आणि पुढे कोणी विचारत नाही. शपथपत्रात ते सगळे लागतात: गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे, न्यायालय, सद्यस्थिती. निवडणुकीच्या दोन-तीन महिने आधी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाकडे लेखी अर्ज करून आपल्यावरच्या गुन्ह्यांची यादी मागवा आणि पोच जपून ठेवा. वगळलेल्या प्रकरणांचे लोढणे किती काळ गळ्यात राहते ते पाहायचे तर देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या शपथपत्राचे उदाहरण आहे. दोन प्रकरणे नमूद नसल्याच्या तक्रारीवरून चाललेल्या खटल्यात ते सप्टेंबर २०२३ मध्ये निर्दोष सुटले.

गुन्हे असतील तर आणखी एक काम लागते. माघारीची तारीख संपल्यापासून मतदानाच्या दोन दिवस आधीपर्यंत वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर तीनदा जाहिरात द्यायची: पहिली पहिल्या चार दिवसांत, दुसरी पाचव्या ते आठव्या दिवसात, तिसरी त्यानंतर. तिचा खर्च उमेदवाराच्याच खात्यात. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरले असेल, तर भाडे, वीज, पाणी, दूरध्वनी यांची बाकी नसल्याचा दाखलाही लागतो. माजी आमदारांना हा आयत्या वेळी आठवतो.

शपथ

अर्ज दिला, अनामत भरली, हार घातले, फोटो काढले आणि मंडळी घरी गेली. शपथ राहिली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७३ नुसार उमेदवाराने घटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते किंवा दृढकथन करावे लागते. हिची वेळ विलक्षण नेमकी आहे: अर्ज दाखल केल्यानंतर, आणि छाननीच्या तारखेच्या आत. छाननीच्या सकाळी घेतलेली शपथ चालत नाही. अर्ज सूचकाने आणून दिला असेल तर हे हमखास राहते, कारण सूचक उमेदवाराच्या वतीने शपथ घेऊ शकत नाही. उमेदवार तुरुंगात असेल तर तिथल्या अधीक्षकासमोर, रुग्णालयात असेल तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर, परदेशात असेल तर भारताच्या राजनैतिक प्रतिनिधीसमोर घेता येते. अर्ज दिला की तिथल्या तिथे शपथ घ्या आणि दाखला हातात घेऊनच बाहेर पडा. चार अर्ज असले तरी शपथ एकदाच पुरते.

एबी फॉर्म

नमुना अ म्हणजे पक्षाचे पत्र: आमच्या वतीने उमेदवार कळवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि त्याची सही कशी आहे. नमुना ब म्हणजे त्या अधिकाऱ्याने दिलेले उमेदवाराचे आणि पर्यायी उमेदवाराचे नाव. दोन्ही शाईच्या सहीचे, मूळ प्रतीत, शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचलेले हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो, रंगीत झेरॉक्स, रबरी सही, काहीच चालत नाही. म्हणून तर २०२४ ला नाशिक जिल्ह्यातल्या दोन उमेदवारांचे एबी फॉर्म शेवटच्या दिवशी हवाई मार्गाने आल्याच्या बातम्या झाल्या. फॉर्म वेळेत आला, पण अर्जात पक्षाचे नाव लिहिलेलेच नाही, असेही घडते. निदान एका संचात तरी पक्षाचे नाव हवे. एबी मिळेल की नाही याची शाश्वती नसेल, तर एक संच पक्षाच्या नावाने आणि एक दहा सूचकांसह अपक्ष म्हणून भरणे हा जुना आणि शहाणा उपाय आहे.

पक्षाने एकाच जागी दोघांना एबी दिले आणि दुसऱ्या पत्रात पहिले रद्द केल्याचे लिहिले नाही, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला त्याला चिन्ह मिळते. पक्षकार्यालयातल्या गोंधळाचा निकाल असा घड्याळावर लागतो.

अनामत सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. रोख किंवा कोषागारात, रिझर्व्ह बँकेत भरल्याचे चलन, धनादेश नाही. वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली तर ती परत, आणि 'नोटा'ची मते या हिशेबात धरत नाहीत. अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवार धरून पाचच जण, शंभर मीटरच्या आत तीनच वाहने. आयोगाच्या 'सुविधा' या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरला तरी छापील प्रत सही करून स्वतः किंवा सूचकानेच नेऊन द्यायची. टपालाने पाठवलेला अर्ज धरत नाहीत. तीन वाजता आवारात हजर असलेल्यांना टोकन मिळते आणि त्यांचे अर्ज घेतले जातात, पण दाराबाहेरच्या मिरवणुकीत नाचणाऱ्याला टोकन मिळत नाही.

चिन्हाबाबत अपक्षांनी एवढे ध्यानात ठेवावे: मुक्त चिन्हांच्या यादीतून तीन पसंतिक्रम लिहायचे, आणि आधी दाखल झालेल्या संचातलीच पसंती धरली जाते. घाईघाईत दिलेल्या पहिल्या संचात 'नंतर बघू' म्हणून काहीतरी लिहिले तर तेच गळ्यात पडते. चिन्ह ही वरवरची गोष्ट समजू नये. २०२४ ला साताऱ्याच्या लोकसभेत ट्रम्पेट हे चिन्ह घेतलेल्या अपक्षाला विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा जास्त मते पडली. मतपत्रिकेवर तुतारी वाजवणारा माणूसही होता, आणि ते हरलेल्या उमेदवाराचे चिन्ह होते. फोटो दोन बाय अडीच सेंटिमीटर, तीन महिन्यांच्या आतला, पांढऱ्या पार्श्वभूमीचा; टोपी आणि काळा चष्मा नको. फोटो दिला नाही म्हणून अर्ज जात नाही, फक्त यंत्रावर तुमच्या नावापुढची जागा मोकळी दिसते.

छाननी, माघार, हिशेब

छाननीच्या दिवशी आक्षेप आला तर भांडत बसू नका, वेळ मागा. कलम ३६(५) नुसार आक्षेपाला उत्तर द्यायला पुढच्या दिवसापर्यंत, फार तर त्याच्या पुढच्या दिवसापर्यंत मुदत मिळू शकते. लेखी मागा. अर्ज बाद झाला तर कारणे लेखी नोंदवणे अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी घ्या. लगेच उच्च न्यायालयात धाव घेऊन अर्ज पुन्हा उभा करता येत नाही. अनुच्छेद ३२९ने ती वाट बंद केली आहे आणि पोन्नुस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच तसे सांगितले. उरते ती निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करायची निवडणूक याचिका. तिथे मात्र बाजू भक्कम असते: कोणाचाही अर्ज चुकीने बाद केल्याचे सिद्ध झाले की निवडणूक रद्द ठरते, निकालावर परिणाम झाला का हे दाखवावे लागत नाही. अर्ज चुकीने स्वीकारला असेल तर तो परिणाम दाखवावा लागतो. त्यामुळे अनुभवी अधिकारी शंकेची जागा असेल तिथे अर्ज ठेवण्याकडे झुकतो.

माघारीची शेवटची तारीख छाननीनंतर एक दिवस सोडून पुढची. त्या दिवशी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. २०२४ ला १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, मग पाडवा, मग रविवार, म्हणून माघार थेट ४ तारखेला गेली आणि बंडखोरांची मनधरणी करायला पक्षांना अख्खी दिवाळी मिळाली. नमुना ५ भरून तीनच्या आत द्यायचा. दिलेली माघार परत घेता येत नाही. कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने शेवटच्या क्षणी माघार घेतली आणि त्या जागी पक्षाचे चिन्हच उरले नाही. पक्षाने मग ज्याची उमेदवारी आधी काढून घेतली होती त्याच अपक्षाला पाठिंबा दिला. माघारीनंतर पंधरा नावे राहिली तर 'नोटा' धरून एका मतदान यंत्रावर मावतात. सोळावे नाव आले की प्रत्येक केंद्रावर दुसरे यंत्र जोडावे लागते.

खर्चाचे घड्याळ अर्ज भरल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत चालते, दोन्ही दिवस धरून. महाराष्ट्रात मर्यादा २०२२ पासून ४० लाख, गोव्यात २८ लाख. बँक खाते वेगळे, अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेले; बायकोबरोबरचे जुने जोडखाते चालत नाही, निवडणूक प्रतिनिधीबरोबरचे चालते. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून दहा हजारांपर्यंतच रोख. मंडपवाल्याला तीनदा चार-चार हजार दिले तर मर्यादा मोडली. नोंदवहीत पांढरी पाने रोजच्या हिशेबाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारात ती निदान तीनदा तपासायला न्यावी लागते. अर्ज भरायच्या मिरवणुकीचा खर्च हा तिच्यातला पहिला आकडा.

निकालानंतर ३० दिवसांत हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. तो पडलेल्या उमेदवारांनाही चुकत नाही. माघार न घेतलेल्या प्रत्येकाला लागू आहे. दोनशे मते पडलेला अपक्ष दुसऱ्या दिवशी वही रद्दीत टाकतो, आयोगाच्या नोटिशीला उत्तर देत नाही, आणि कलम १०अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरतो. हे त्याला कळते ते मध्येच लागलेल्या पोटनिवडणुकीत, छाननीच्या टेबलावर, चारही संच नीट भरलेले असताना.